वाळूला न कळलेली गोष्ट

पहिल्या महायुद्धाच्या काळात विमानाच्या पंखाची ताकद तपासायची रीत साधी होती. पंख उलटा करून मांडायचा आणि त्याच्यावर वाळूच्या पिशव्या रचत जायचे. उडताना हवा पंखाला खालून वर रेटते; उलट्या पंखावरची वाळू त्याला त्याच बाजूला वाकवते. विमानाच्या वजनाच्या कितीतरी पट वाळू चढली आणि तरी पंख शाबूत राहिला, की तो उत्तीर्ण. अँथनी फोकरच्या कारखान्यातल्या एकपंखी लढाऊ विमानाचा पंख १९१८ साली जर्मनीत या परीक्षेतून सुखरूप बाहेर पडला होता. पुढे हे विमान डी-८ म्हणून ओळखले गेले. पंखात दोन लाकडी तुळया होत्या, एक पुढे, एक मागे. लष्करी तपासनिसांना मागची तुळई नियमाच्या मानाने हलकी वाटली आणि त्यांनी ती भक्कम करायला लावली. त्यानंतर वेगात सूर मारताना या विमानांचे पंख हवेतच मोडू लागले.

अधिकृत चौकशीत कारागिरीतले दोषही पुढे आले होते, त्यामुळे सगळे खापर एकाच कारणावर फोडणे बरोबर नाही. पण फोकरने पुढे जी हकिगत सांगितली ती विमानविद्येत शिकणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. पंखावर पुन्हा भार चढवून त्याने या वेळी टोकाची हालचाल बारकाईने मोजली. भार वाढला तसा पंख वाकत होता, हे अपेक्षितच होते. पण मागची तुळई आता ताठ झाल्यामुळे कमी वाकत होती आणि पुढची जास्त. म्हणजे पंख वाकता वाकता पिळलाही जात होता, आणि असा पिळला जात होता की टोकाची पुढची कड वर उचलली जावी. हवेत हीच गोष्ट घडली की टोकाचा वाऱ्याशी होणारा कोन, ज्याला आपण आघातकोन म्हणतो, तो वाढतो. कोन वाढला की उचल वाढते. उचल वाढली की पीळ वाढतो. पीळ वाढला की पुन्हा कोन.

वाळूला यातले काहीच कळत नाही. पंख कितीही पिळला तरी पिशवीतल्या वाळूचे वजन तेवढेच राहते. हवेचे तसे नाही. पंखाने आकार बदलला की हवा आपला भार बदलते आणि त्या बदललेल्या भाराने पंख पुन्हा आकार बदलतो. पंखावरचा भार हा बाहेरून कोणी नेमून दिलेला आकडा नाही, तो पंख आणि हवा यांच्यात दर क्षणी ठरणारा व्यवहार आहे. हे मान्य केले तर विमान घडवण्याची आपली नेहमीची पद्धत, म्हणजे हवेचे गणित एका खोलीत आणि सांगाड्याचे दुसऱ्या खोलीत, मुळातच तपासून पाहावी लागते. मला या लेखात तेच म्हणायचे आहे.

या व्यवहाराचा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चालतो. समजा, पंख ताठ धरून काढलेल्या भाराने तो एक अंश पिळला. त्या एका अंशामुळे जो वाढीव भार आला त्याने आणखी अर्धा अंश पीळ दिला. त्या अर्ध्याने पाव, पावाने अर्धपाव. ही बेरीज कुठेतरी थांबते, आणि ती दोन अंशांवर थांबते: पहिल्या हिशेबाच्या बरोबर दुप्पट. आता व्याजाचा हा दर कशावर ठरतो? हवेचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, पंखाचा पिळाला असलेला विरोध मात्र वेग कितीही असो, तेवढाच राहतो. म्हणून वेग वाढला की दर वाढतो. एका ठरावीक वेगाला प्रत्येक अंश पुढचा पूर्ण एक अंश जन्माला घालतो आणि मग बेरीज थांबतच नाही. अभियंते याला डायव्हर्जन्स म्हणतात. त्या वेगाच्या ७१ टक्क्यांवर पीळ दुप्पट झालेला असतो, ९० टक्क्यांवर पाचपटीहून जास्त. तिथपर्यंत पोचलेल्या वैमानिकाला सावध व्हायला फारच थोडी जागा उरते.

धावत्या एसटीच्या खिडकीशी बसून आम्ही लहानपणी एक खेळ खेळायचो. पोस्टकार्ड त्याच्या पुढच्या कडेने धरून वाऱ्यात सपाट ठेवले की ते निमूटपणे मागे लहरत राहते. तेच कार्ड मागच्या कडेने धरले की क्षणभरही टिकत नाही, उलटते आणि हातातून जाते. कार्ड तेच, वारा तोच, बोटांचा जोरही तोच. फरक एवढाच की वाऱ्याचा रेटा जिथे येतो ती जागा धरलेल्या रेषेच्या पुढे आहे की मागे. पंखातही हेच आहे. मंद वेगाला हवेच्या उचलीतला कोनाबरोबर बदलणारा भाग पंखाच्या रुंदीच्या पुढून साधारण पाव अंतरावर येतो. पंख ज्या रेषेभोवती पिळला जातो ती रेषा बहुतेक वेळा त्याच्या मागे असते. डी-८ची मागची तुळई जाड केली तेव्हा ही पिळाची रेषा आणखी मागे सरकली. तपासनिसांनी सामर्थ्य वाढवले आणि त्याच हाताने सुरक्षितता कमी केली. त्यांचा हेतू चांगला होता, नियमही जुन्या दुपंखी विमानांच्या अनुभवातून आलेला होता. पण तो नियम मोडण्याबद्दल होता. पीळ त्यात नव्हताच.

इथे दोन शब्द वेगळे ठेवले पाहिजेत, कारण मराठीत आपण ते सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो: बळकटी आणि ताठपणा. बळकटी म्हणजे मोडेपर्यंत किती सोसेल. ताठपणा म्हणजे सोसताना किती वाकेल. बांबू बळकट आहे पण ताठ नाही. काच ताठ आहे पण बळकट नाही. पंखाच्या बाबतीत तिसरा प्रश्नही उरतो आणि तोच सर्वांत कठीण असतो: वाकताना तो कोणत्या बाजूला पिळेल?

१९०३ सालच्या डिसेंबरात नऊ दिवसांच्या अंतराने अमेरिकेत दोन प्रयत्न झाले. ८ डिसेंबरला सॅम्युएल लँग्लीचे एरोड्रोम पोटोमॅक नदीवरच्या नौकागृहाच्या माथ्यावरून सुटले आणि मोडत पाण्यात पडले. त्याचे पंख पिळाला पुरेसे ताठ नव्हते, असे नंतरच्या अनेक अभ्यासकांना वाटले आहे. १७ डिसेंबरला राइट बंधू उडाले, आणि त्यांचे विमान तर मुद्दाम पिळता येईल असेच बनवले होते. टोकांना दोरांनी पीळ देऊन ते विमानाचा तोल सांभाळत. विमानविद्येच्या पहिल्याच महिन्यात पंखाचा मऊपणा असा दोन्ही रूपांत समोर होता, तरी पुढची कित्येक वर्षे पंख ताठच आहे असे धरून गणित होत राहिले.

त्याचे कारण समजण्यासारखे आहे. हवेचे गणित एक विद्या, सांगाड्याचे दुसरी, कंपनांचे तिसरी. प्रत्येकीला आयुष्य वेचावे एवढी खोली आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ आर्थर कॉलर यांनी १९४६ साली या तिन्ही विद्यांचा एक त्रिकोण काढला: एका कोपऱ्यात हवेचे बल, दुसऱ्यात सांगाड्याचे लवचीक बल, तिसऱ्यात जडत्वाचे बल. हवा आणि लवचीकपणा यांच्या बाजूवर डायव्हर्जन्स येतो. तिन्ही कोपरे गुंतले की फडफड, जिला जगभर फ्लटर म्हणतात, ती येते. आज हे चित्र प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. पण मी शिकलो तेव्हा त्या तीन कोपऱ्यांसाठी तीन वर्ग, तीन शिक्षक आणि तीन प्रश्नपत्रिका होत्या, आणि त्रिकोणाच्या बाजू शेवटच्या सत्रातल्या एका ऐच्छिक विषयात उरकल्या गेल्या. हुशार मुलेही त्या विषयाकडे वळत नसत, कारण तो अवघड म्हणून ओळखला जाई. विद्यार्थी ज्या क्रमाने शिकतो त्याच क्रमाने तो पुढे विमान घडवतो, असे मला वाटते. आधी हवेसाठी सुंदर आकार काढायचा, मग त्यावर येणारा भार काढायचा, मग त्या भाराला पुरेल असा सांगाडा बसवायचा, आणि सरतेशेवटी लवचीकपणाची दुरुस्ती म्हणून एक गुणक लावायचा.

प्रवासी विमानाचा पंख या क्रमाला कसा दाद देत नाही ते पाहू. असा पंख एकाच आकाराचा नसतो. कारखान्यात साच्यावर असताना त्याचा एक आकार असतो. इंधन भरून तळावर उभा असताना टोके खाली लोंबतात, तो दुसरा. आकाशात नेहमीच्या स्थिर वेगाने जाताना टोके वर उचललेली, तो तिसरा. हवेच्या गणितवाल्यांना हवा असतो तिसरा आकार, कारण तिथे सर्वांत कमी इंधन जळते. पण कारखान्याला घडवावा लागतो पहिला. म्हणजे उडताना पंख किती वाकेल आणि किती पिळेल हे आधीच ओळखून, तेवढा उलटा वाक आणि उलटा पीळ त्याच्यात घालून तो जन्माला घालावा लागतो. ही ओळख चुकली की पंख मोडत नाही, विमान पडत नाही. ते वीस-पंचवीस वर्षे रोज थोडे जास्त इंधन जाळत राहते आणि कोणालाही बातमी कळत नाही.

इंधनाचीच गोष्ट घ्या. प्रवासी आणि सामान धडात असते, त्याचे ओझे मधोमध. उचल मात्र दोन्ही पंखांवर पसरलेली. म्हणून पंख मुळाशी वर वाकायला बघतो. पंखात भरलेले इंधन त्याला खाली ओढते आणि मुळाशी येणारा ताण हलका करते. पंखाखाली टांगलेली इंजिनेही तेच करतात. म्हणूनच विमानाच्या एकूण वजनाला जशी मर्यादा असते तशी इंधनाशिवायच्या वजनालाही वेगळी मर्यादा घातलेली असते, आणि मधल्या टाकीतले इंधन सहसा आधी वापरले जाते, पंखातले नंतर. आता हा पंख मागे झुकलेला असेल तर आणखी एक गंमत होते. मागे झुकलेला पंख वर वाकला की टोकाकडे त्याचा वाऱ्याशी होणारा कोन आपोआप कमी होतो. टोकाची उचल घटते, भार मुळाकडे सरकतो, वाकवणारा ताण उतरतो. म्हणजे इंधन किती उरले यावर पंखाचा आकार ठरतो, आकारावर भार ठरतो, भारावर सांगाडा ठरतो, आणि सांगाड्याचे वजन पुन्हा इंधनात मोजले जाते. या वर्तुळात पहिला कोण आणि दुसरा कोण, हे सांगून दाखवावे.

यावर एक सरळ उत्तर नेहमी ऐकू येते: मग पंख ताठच करा ना. ताठ करायचा म्हणजे जाड करायचा किंवा आखूड करायचा. जाडी वाढली की वजन वाढते, आणि ध्वनीच्या वेगाजवळ हवेचा अडथळाही. लांबीचे तर सोडाच: उचल आणि वेग तेवढेच ठेवून पंखाचा विस्तार दुप्पट केला तर उचलीपोटी द्यावा लागणारा अडथळा एक चतुर्थांश होतो. एवढा मोठा फायदा कोणी सोडत नाही. बोइंग ७७७एक्सचे पंख ७१.८ मीटर पसरतात, आणि विमानतळावरच्या जागेत मावावेत म्हणून टोके दुमडून ६४.८ मीटरवर आणावी लागतात. कमी इंधन जाळायचे असेल तर पंख लांब, बारीक आणि म्हणून मऊच होत जाणार. ताठ पंखाच्या जगात परतायची वाट उरलेली नाही.

बोइंगच्याच बी-४७ या बॉम्बर विमानाने हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दाखवले. १७ डिसेंबर १९४७ रोजी, राइट बंधूंच्या उड्डाणाच्या बरोबर वाढदिवशी, ते प्रथम उडाले. पंख लांब, पातळ, ३५ अंशांनी मागे झुकलेले. विमान वळवायला पंखाच्या मागच्या कडेला एलेरॉन नावाची झडप असते. ती खाली केली की त्या बाजूची उचल वाढून तो पंख वर जायला हवा. पण खाली झालेली झडप पंखाच्या मागच्या कडेला वर रेटते आणि सगळा पंखच पुढे खाली मान घालून पिळला जातो. वेग वाढत गेला तसा पिळाने घालवलेली उचल झडपेने कमावलेल्या उचलीला गाठू लागली. सुमारे ४२५ नॉटला हिशेब शून्यावर आला. त्यापुढे वैमानिकाने उजवीकडे सांगितले असते तर विमान डावीकडे झुकले असते. इंजिनांत जोर होता, सांगाड्यात बळ होते, तरी खालच्या उंचीवर विमानाच्या वेगाची मर्यादा या मऊपणाने ठरवली.

असे विमान उडण्याआधी आपण ते तपासतो, हे खरे. आजच्या नियमांप्रमाणे प्रवासी विमानाच्या पंखाने साधारण अडीच पट गुरुत्वाचा भार आणि त्यावर दीडपटीची राखीव ताकद दाखवावी लागते. १९९५च्या जानेवारीत बोइंग ७७७चा पंख कारखान्यात ओढून मोडला, तो नेमलेल्या भाराच्या १५४ टक्क्यांवर. २००६च्या फेब्रुवारीत एअरबस ए-३८०चा पंख १५० टक्के गाठायच्या जरा आधी मोडला आणि त्या जागी सुधारणा करावी लागली. २०१०च्या मार्चमध्ये बोइंग ७८७ची टोके सुमारे २५ फूट वर ओढली गेली. ही दृश्ये मी पुनःपुन्हा पाहिली आहेत आणि त्यामागच्या माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथे पंखाला ओढणारे हायड्रॉलिक जॅक म्हणजे नव्या अंगरख्यातली वाळूच आहे. कोणत्या ठिकाणी किती ओढायचे हे गणिताने आधीच ठरवलेले असते. त्या परीक्षेने सांगाड्याचे गणित पटते, भाराचे पटत नाही. भाराचा पडताळा फक्त उडताना होतो, पंखात चिकटवलेल्या ताणमापकांच्या आकड्यांत.

लॉकहीड इलेक्ट्राची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही, कारण तिथे एकही भाग एकट्याने दोषी नव्हता. २९ सप्टेंबर १९५९ रोजी टेक्सासमध्ये आणि १७ मार्च १९६० रोजी इंडियानात या विमानाचे पंख हवेत तुटले; ३४ आणि ६३, एकूण ९७ माणसे गेली. इंजिनाची पंखावरची बैठक थोडी सैल पडली की फिरता पंखा भोवऱ्यासारखा डुलू लागे. हा डोल वाढत जाऊन पंखाच्या स्वतःच्या झोक्याशी जुळला की पंख मुळातून उखडला जाई. पंखा, बैठक, पंख: प्रत्येकाचा हिशेब वेगळा केला तर बरोबर. शिवाय पंख्याच्या अशा डोलण्याचा विचार १९३८ सालीच प्रसिद्ध झाला होता. ज्ञान होते, पण ते ज्या फाइलीत होते ती फाइल पंखाच्या टेबलावर नव्हती.

विमान कंपन्यांत भारांचे गणित करणारा एक स्वतंत्र विभाग असतो, त्याला सगळे नुसते ‘लोड्स’ म्हणतात. वाऱ्याचे झोत, वळणे, सूर, धावपट्टीवरचे धक्के, रिकाम्या आणि भरलेल्या टाक्या, वेगवेगळ्या उंची: हजारो प्रसंग तपासावे लागतात. एकेका प्रसंगाला हवेचे सर्वांत सूक्ष्म गणित लावायचे म्हटले तर ते आजच्या संगणकांनाही जड जाते. म्हणून १९६९ साली अल्बानो आणि रॉडन यांनी मांडलेली, पंखाला पातळ पत्र्यासारखा धरून त्याच्या चौकोनी तुकड्यांवर काम करणारी पद्धत आजही या विभागांत वापरली जाते, विंड टनेलमधल्या आकड्यांनी सुधारून घेतलेली. तरुण अभियंत्यांना ती जुनाट वाटते, हे मी जाणतो. माझे म्हणणे नेमके उलट आहे. त्या पद्धतीत हवा ओबडधोबड आहे, पण ती पंखाच्या वाकण्याशी पहिल्या ओळीपासून जोडलेली आहे. वाकणाऱ्या पंखासाठी असे ओबडधोबड पण जोडलेले गणित, हवेचा प्रत्येक भोवरा टिपणाऱ्या पण पंख दगडाचा धरणाऱ्या गणितापेक्षा जास्त खरे असते. सूक्ष्मता नंतर वाढवता येते. तुटलेला दुवा नंतर जोडता येत नाही, कारण तोवर पंखाचा झुकाव, त्याची लांबी, तुळयांच्या जागा आणि इंजिनांची टांगणी ठरून गेलेली असते. मग लोड्सवाल्यांच्या हातात एकच उपाय राहतो: इथे जाडी वाढवा. १९१८च्या तपासनिसांनीही तेच केले होते.

जोडलेल्या गणितालाही मर्यादा आहेत, आणि त्या लपवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नासाचे हेलिऑस हे सौर विमान म्हणजे जवळजवळ नुसता पंखच होता: लांबी ७५ मीटर, रुंदी अवघी २.४ मीटर. २००१च्या ऑगस्टमध्ये तो साडेएकोणतीस किलोमीटर उंच गेला. २००३ साली त्याला रात्रीही उडता यावे म्हणून मध्यभागी इंधनघटाचे आणि दोन्ही बाजूंना हायड्रोजनचे ओझे बसवले. पूर्वी पंखभर पसरलेले वजन आता तीन ठिकाणी एकवटले. २६ जूनला हवाईतल्या काउआई बेटाजवळ खळबळीच्या हवेत त्याची टोके खूप वर उचलली गेली आणि तशीच राहिली. त्या धनुष्यासारख्या आकारात विमान नाक वर-खाली करीत झुलू लागले, प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा. वेग मर्यादेबाहेर गेला, पंखावरचे आवरण फाटले आणि विमान समुद्रात कोसळले. आत माणूस नव्हता, हे नशीब. चौकशी मंडळाने म्हटले की बदललेल्या रचनेचा धोका जोखायला उपलब्ध पद्धती पुरेशा नव्हत्या, आणि अशा अतिलवचीक विमानांसाठी हवा, सांगाडा, नियंत्रण, वातावरण या सगळ्यांचे क्षणाक्षणाने पुढे जाणारे एकत्र गणित विकसित केले पाहिजे. थोडासा वाकलेला पंख म्हणजे सरळ पंखात किरकोळ फेरफार, हे गृहीतकच तिथे लागू पडत नव्हते. इतक्या वाकलेल्या पंखाला वाकलेला धरूनच सुरुवात करावी लागते.

मऊपणाला दोष मानणे सोडले की काय करता येते, याचे सर्वांत देखणे उदाहरण लढाऊ विमानाचे आहे. अमेरिकेच्या एफ-१८चे सुरुवातीचे पंख इतके लवचीक निघाले की जास्त वेगाला त्याचे गिरकी घेणे मंदावले. तेव्हा पंखांना ताठ करून, वजन वाढवून प्रश्न मिटवला गेला. पुढे नासाने आणि अमेरिकी हवाई दलाने तशाच एका विमानाच्या पंखांवरचे ताठ पत्रे काढून पुन्हा पातळ, जुन्या मऊपणाचे बसवले. पुढच्या कडेच्या झडपा स्वतंत्रपणे हलवून हवेकडूनच पंख हवा तसा पिळून घ्यायचा आणि त्या पिळाने विमान फिरवायचे, अशी कल्पना होती. २००२ साली ते उडाले, नंतर त्याला एक्स-५३ असे नाव मिळाले. राइट बंधू जे दोरांनी ओढून करीत ते आता वारा करीत होता, आणि किती पिळायचे याचा हिशेब पंख व वारा यांना एकत्र धरून उड्डाणाआधीच मांडलेला होता.